सामानासकट बंद

पालीची लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी असते, काळपट तपकिरी, आणि तिच्या एका टोकाला चुन्यासारखा पांढरा ठिपका असतो. हा ठिपका म्हणजे पालीची लघवी. अंगातलं पाणी वाया जाऊ नये म्हणून ती लघवीसुद्धा घट्ट करूनच टाकते. पेलानच्या तिसऱ्या झोपडीत ही लेंडी रोज सकाळी डाव्या उशीवर सापडायची, उजव्या उशीवर कधीच नाही, कारण तिथली पाल आढ्याच्या एकाच वाशावर एकाच जागी बसून हा विधी उरकते. पलंग हातभर सरकवा, असं मी मॅनेजरला, म्हणजे मिस्टर रेटोला, सुचवलं होतं. त्याने पलंगावर आडवं होऊन खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाला की मग समुद्र मधोमध दिसणार नाही. त्याऐवजी त्याने पाहुण्यांच्या पत्रकात एक ओळ वाढवली: ‘छपराखालचे आमचे सहनिवासी कधी एखादी छोटीशी खूण ठेवून जातील.’

पेलान म्हणजे सावकाश. आमच्या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, गावाला लागून, मालकांनी सहा झोपड्या बांधल्या आणि त्यांना हे नाव दिलं. भिंती बांबूच्या, छप्पर सागो माडाच्या पानांचं, विजेचे दिवे नावापुरते, गार हवा समुद्राच्या मर्जीवर. माझी आजी आयुष्यभर अशीच राहिली. फरक इतकाच की तिला सकाळी कुणी काकडीचं पाणी आणून दिलं नाही. पाहुणे आले की त्यांचे फोन एका कोरीव पेटीत ठेवून घेतले जात, म्हणजे त्यांना सावकाश होता यावं. पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून रेटोने स्वतःचा फोनही त्याच पेटीत ठेवला होता.

मी अंबोनला सागरी जीवशास्त्र शिकले आणि परत येऊन इथे लागले. पाहुण्यांना प्रवाळ दाखवायचं, मासे मोजायचे, आणि रेटोच्या मजकुरातली माशांची नावं दुरुस्त करायची. गावात अशी नोकरी एकच होती.

पेलानच्या पुढ्यातच गावाची खाडी आहे, आणि खाडीवर सासी होती. नारळाची कोवळी पाती बांधलेले खांब रोवायचे, पाद्रीने त्यावर प्रार्थना म्हणायची, की मग त्या हद्दीतून कुणी काही काढायचं नाही. काढलं तर पोट फुगतं, ताप चढतो, क्वचित होडी बुडते. सासी उघडली की म्हातारीकोतारीसुद्धा पाण्यात. बंद करतात ते उघडण्यासाठीच, जसं लोणचं मुरवतात ते खाण्यासाठी. रेटोच्या पत्रकात मात्र आम्ही ‘समुद्राला हातही न लावणारे प्राचीन लोक’ होतो. हात लावत नव्हतो हे खरं. पण तळाशी लोला नावाचे शंख केवढे झाले असतील याचा अंदाज गावातल्या प्रत्येकाने आपापल्या पंजावर दाखवून झाला होता.

ही खाडी बंद केली माझ्या आत्याच्या नवऱ्याने. तो गावाच्या समुद्राचा राखणदार होता. उघडायची वेळ येण्याआधीच तो छातीच्या दुखण्याने गेला आणि राखण आत्याकडे आली. तांता बात्सेबा. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं, आणि माझी कॉलेजची फी याच खाडीच्या तळातून, तिच्या एकेका बुडीतून वर आली.

तिने खाडी उघडावी म्हणून गाव तिची वाट बघत होतं. तेवढ्यात पेलानचं म्हणणं आलं: खाडी कायमची बंद राहू द्या. बदल्यात गावाला दरसाल काही मिळेल, पोरांना कामं मिळतील. फक्त तांताने गावाच्या सभेत उभं राहून तसं बोलायचं. आणि उघडायचीच असेल, तर मालकांना दुसरी बेटंही आवडतात, हेही रेटोने अत्यंत हळुवारपणे कळवलं होतं.

तांता म्हणाली, ईस्टरनंतर बघू. ईस्टरनंतर म्हणाली, लवंगा उतरल्यावर बघू. लवंगा उतरल्या, वाळल्या, विकल्या, आणि ती म्हणाली, पाद्री रजेवर गेलाय. ती का टाळते हे गावाला माहीत होतं. खाडी उघडली की पेलान जाणार, पेलान गेलं की माझी नोकरी जाणार. मला कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण विहिरीवर मी गेले की लोलांचा विषय बदलायचा. तांता आणि मी याबद्दल बोलत नव्हतो. आम्ही भाताबद्दल बोलायचो.

हंगामाच्या सुरुवातीला रेटोच्या मनात आलं की पेलानला गावाचा आशीर्वाद हवा. त्याने माळी योपीला खाडीतल्या खांबांचा फोटो दाखवला आणि म्हणाला, फाटकाशी अगदी असंच हवं, जराही फरक नको. लग्नाच्या कमानीलाही कोवळी पातीच लागतात, पण ती वेगळी वळतात. योपीने विचारलं की नक्की असंच? रेटो म्हणाला, अस्सल हवं. योपीने अस्सल करून दिलं. मग रविवारी पाद्रीच्या जागी आलेला नवा उपदेशक फाटकाशी आला, खांब पाहिले, आणि अशा खांबांसाठी जी प्रार्थना असते ती त्याने म्हटली. फार मनापासून म्हटली. रेटोच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तेव्हा पाहुण्यांना घेऊन प्रवाळावर होते.

सोमवारी सकाळी मी आले तर सगळा नोकरवर्ग फाटकाबाहेर वाळूत बसलेला. धुणं नेणारी ओर्पा रिकामी टोपली पालथी घालून तिच्यावर बसली होती.

“आत का जात नाहीस?” मी विचारलं.

“जाते की. जायला कोण अडवतंय? बाहेर काही आणता येत नाही.” तिने हनुवटीने खांब दाखवले. “चादरी आतच. टोपली भरून बाहेर पडले तर पोट माझं फुगणार, त्या मिस्टरचं नाही.”

रेटो आतून आला. त्याला वाटलं संप आहे. मी त्याला समजावलं की संप नाही, पेलान बंद झालंय. सामानासकट. रविवारी जे आत होतं ते आतच राहणार. त्याने विचारलं, कधीपर्यंत? मी म्हटलं, उघडेपर्यंत.

तो कात्री घेऊन आला. खांबापर्यंत गेला आणि थांबला, कारण सगळे त्याच्याकडे कुतूहलाने बघत होते, जसं झाडावर चढलेल्या बकरीकडे बघतात.

“कापा,” मी म्हटलं. “कुणी अडवणार नाही. फक्त यापुढे गावात कुणाच्या पोटात दुखलं तरी ते तुमच्यामुळे. आणि इथे कामाला कुणी येणार नाही.”

“पण तुम्ही विज्ञान शिकलात,” तो म्हणाला. तो आमच्याशी फार शुद्ध बोलतो, शाळेच्या बक्षीस समारंभात असल्यासारखा. “तुमचा यावर विश्वास आहे का?”

मी विचार केला. मोजलेल्या गोष्टींवर माझा विश्वास आहे. सासी मोडल्यावर फुगलेली पोटं कुणी मोजलेली नाहीत. न मोडता फुगलेलीही नाहीत. “मी ते पान कापणार नाही,” मी म्हटलं.

त्याने कात्री खिशात ठेवली. शिवाय पत्रकात तिसऱ्या पानावर त्यानेच लिहिलं होतं की सासी पवित्र असून तिचा भंग अक्षम्य आहे. ते वाक्य मी दुरुस्त केलं होतं. त्याने आधी ‘अक्षय’ लिहिलं होतं.

नियमाचा काथ्याकूट दिवसभर चालला. आत असलेलं आत वापरायला हरकत नव्हती, पण कोठीची खोली फाटकाबाहेर पडवीत होती आणि तिची किल्ली आत स्वयंपाकघरात, त्यामुळे भांडी आत आणि तांदूळ बाहेर कुलपात अशी फाळणी झाली. आचाऱ्याने सरळ घरून जेवण आणवलं: पापेडा म्हणजे सागोच्या पिठाची चिकट खळ, पिवळ्या रश्श्यातले मासे, उकडलेला कसावा. पाहुणे हरखून गेले. श्रीमती इंगेर म्हणून कोपेनहेगनच्या एक निवृत्त न्यायाधीश होत्या; त्यांनी काडीला गुंडाळून पापेडा गिळला आणि म्हणाल्या की आल्यापासून इतकं चांगलं जेवण मिळालं नव्हतं. आचाऱ्याने हे सकारात्मकपणे घेतलं.

अडचण क्वेक दांपत्याची होती. ते सिंगापूरचे, बुधवारच्या बोटीने निघणार होते, कारण शनिवारी नवऱ्याच्या आईची ऐंशी वर्षं पूर्ण होत होती आणि ती बाई उशीर खपवून घेणारी नव्हती. त्यांच्या बॅगा आत. फोन पेटीत, पेटी आत.

“माणूस आपल्या पायांनी बाहेर जात असेल तर ते काढणं नव्हे,” योपीने निकाल दिला. “तेवढे जाऊ शकतात.”

“आणि अंगावरचे कपडे?” ओर्पाने विचारलं.

योपीने डोकं खाजवलं. “कपडे रविवारी आत होते.”

“म्हणजे तसेच जायचं?”

“मी नियम केलेला नाही, उसी ओर्पा. मी फक्त पाती बांधली.”

ओर्पाने क्वेकसाहेबांकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं आणि म्हणाली की बोटीवर ऊन फार असतं.

मालकांना विचारायला रेटोला त्याचाच फोन हवा होता; अनोळखी नंबर ते उचलत नसत. फोन पेटीतून काढून आत वापरायला योपीची काहीच हरकत नव्हती. पण पेलानमध्ये रेंज नाही. त्याची जाहिरातही तशीच केली होती. रेंज येते ती धक्क्याच्या टोकाला, फाटकाबाहेर. तेव्हा श्रीमती इंगेर यांनी चष्मा पुसत साधा प्रश्न विचारला: हे उघडण्याचा अधिकार कोणाचा? सगळ्यांनी गावाकडे बोट दाखवलं.

मंगळवारी दुपारी मी रेटोला घेऊन तांताकडे गेले. ती ओसरीवर दगडाने केनारीच्या बिया फोडत बसली होती. तिने त्याला बसायला सांगितलं, त्याच्या हातात मूठभर गर ठेवला, आणि त्याचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. मध्येमध्ये दगड आपटत होता.

“उघडता येईल,” ती म्हणाली. “उपदेशक नवखा आहे, पण प्रार्थना खरी होती. खांब योपीने बांधले, तेही खरे. तेव्हा मलाच उघडावं लागेल.”

रेटोने हात जोडले. “आपले अनंत उपकार. उद्या सकाळी?”

“उद्या सकाळी होईल. आधी खाडी, मग तुझं घर.”

त्याला कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं.

“आमच्यात जी सासी आधी लागली ती आधी उघडते,” मी सांगितलं. “मागची पुढे नेता येत नाही.” हे लहान पोराला कळतं म्हणून आदल्या दोन दिवसांत कुणाला बोलून दाखवायची गरज वाटली नव्हती. सगळे बाहेर वाळूत बसून याचीच वाट बघत होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

रेटोच्या हातातला गर तसाच होता. मग तो म्हणाला, “खाडी एका दिवसापुरती उघडता येईल का? प्रतीकात्मक?”

“आणि संध्याकाळी लोलांना परत कवचात भरून पाण्यात सोडू?” तांता म्हणाली. “खा ते. सादळेल.”

तो खाऊ लागला. खाता खाता म्हणाला की मालक हे मान्य करणार नाहीत. खाडी हाच पेलानचा आत्मा आहे, असं त्यांचं म्हणणं आहे. तो स्वतः काही ठरवू शकत नाही. त्याला विचारावं लागेल, आणि विचारायला फोन लागेल, आणि फोन...

“फोन आत आहे,” तांता म्हणाली. “मग तूच ठरव. बिचाऱ्या, किती वर्षांनी वेळ आली असेल तुझ्यावर.”

यावर तो हसला. मला ते अपेक्षित नव्हतं. त्याने हात झटकले आणि म्हणाला की तो उद्या सकाळी किनाऱ्यावर येईल आणि गावासमोर विनंती करेल. मालकांना काय सांगायचं ते नंतर बघेल. मग तो निघून गेला, आणि ओसरीवर आम्ही दोघीच राहिलो.

तांताने तीन-चार बिया फोडल्या. गर माझ्याकडे सरकवत राहिली.

“पेलान गेलं तर कामावरून तोही जाईल,” ती म्हणाली. “आणि तू.”

“हो.”

“उघडा म्हणतो तो. मी हो म्हटलेलं नाही अजून.”

मी म्हटलं, “तांता, कवचांना किडे लागलेत.”

तिचा दगड थांबला.

लोला म्हातारा झाला की त्याचं कवच जाड होतं आणि त्यात बारीक किडे भोकं पाडतात. अशा कवचाची बटणं होत नाहीत. ते हातात चुऱ्यासारखं सुटतं. मी गेल्या हंगामात खाडीच्या मधल्या कडेवर पाहणी केली तेव्हा मोठ्या लोलांपैकी निम्म्याहून अधिक तसे होते. वर उथळात लहानांची गर्दी होती, भरपूर. म्हणजे खाडीचं काम झालं होतं. आता ती नुसती बसून होती. हे सगळं मी रेटोला सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता की वार्धक्यातही सौंदर्य असतं. तांताला आता मी हे त्याच क्रमाने सांगितलं, आणि शेवटी म्हटलं, “तू माझ्यासाठी राखून ठेवतेयस ते कुजतंय.”

“हे आधी का नाही बोललीस?”

“तू विचारलं नाहीस.”

“तुला शिकवलं ते विचारल्यावर बोलायला?” तिने दगड बाजूला ठेवला. “त्या अंबोनच्या खोलीचं भाडं भरायला मी किती वेळा तळाला गेले ठाऊक आहे? कान अजून वाजतात माझे. आणि ही बया घरी येऊन भाताबद्दल बोलते.”

“नोकरीचं मी बघेन.”

“काय बघशील?”

“माहीत नाही. पण ते माझं मी बघेन. खाडीत बसून तू नको बघूस.”

 ती बियांची टरफलं पदरात गोळा करून चुलीकडे गेली आणि तिथूनच म्हणाली, की तिच्या नवऱ्याने जेव्हा ते खांब रोवले तेव्हा त्याचा श्वास लागला होता, शेवटचा खांब वाकडाच राहिला, आणि तिने तो सरळ केला नाही. तो अजून वाकडा आहे. उघडल्यावर खांब काढावे लागतात, हे मला आधी सुचलं नव्हतं. मी नोकरीच धरून बसले होते. गावही तेच धरून बसलं होतं.

“मग नको उघडूस,” मी म्हटलं. “क्वेकबाईंना आपण आपले कपडे देऊ. माझा निळा तिला होईल.”

“गप्प बस,” ती आतून म्हणाली. “बघू.”

म्हणजे काहीच ठरलं नव्हतं. त्या ‘बघू’ने आम्ही जवळजवळ वर्ष काढलं होतं.

बुधवारी ओहोटीच्या वेळी गाव किनाऱ्यावर होतं. कुणी बोलावलं नव्हतं. लाकडी चौकटीचे बुडीचे चष्मे कपाळावर, कमरेला जाळ्या, आणि चेहऱ्यावर मात्र आपण सहज फिरायला आल्याचा भाव. योपीच्या आईने तर हातात प्रार्थनेचं पुस्तक धरलं होतं आणि बगलेत पिशवी. फाटकाच्या आत क्वेक पती-पत्नी आपापल्या बॅगेवर बसून होते. श्रीमती इंगेर गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, पहिल्या रांगेत, त्यांनी कुणाकडून तरी झगा आणि चष्मा मिळवला होता. लांब भूशिरापाशी बोटीचा आवाज येऊ लागला.

रेटो इस्त्रीचा शर्ट घालून आला. इस्त्री आत होती, शर्टही आत होता, आणि तो फाटकातून त्याच शर्टात बाहेर आला, याकडे सगळ्यांनी कालच्यासारखंच सौजन्याने दुर्लक्ष केलं. फक्त ओर्पा मला म्हणाली की याचं पोट फुगलं तर आपल्याला कळणार कसं, आधीच तेवढं आहे. त्याने तांतासमोर उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, शुद्ध भाषेत मागितलं: गावाच्या राखणदाराने खाडी उघडावी, आणि त्यानंतर त्याचं घर. आवाज मध्ये एकदा चिरकला. बोलून झाल्यावर काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्याने थोडं वाकून दाखवलं.

उपदेशकाने प्रार्थना म्हटली. यावेळी कुठली म्हणायची ते त्याला तिघांनी आधी सांगून ठेवलं होतं.

तांता पाण्यात उतरली. चालत पहिल्या खांबापाशी गेली, मग दुसऱ्या, आणि कशालाही हात न लावता शेवटच्या वाकड्या खांबापर्यंत पोचली. तिथे पाणी तिच्या छातीला लागत होतं. आमच्याकडे पाठ करून ती उभी राहिली. बोट जवळ येत होती. कुणी खोकलं. कपाळावरचा एक चष्मा डोळ्यांवर आला आणि कुणाच्या तरी कोपराने परत वर गेला.

मी तिच्याकडे बघत होते आणि मला मनापासून वाटत होतं की ती ‘बघू’ म्हणेल, आणि म्हणाली असती तरी मला चाललं असतं.

तिने खांब दोन्ही हातांनी धरला, हलवून सैल केला, उपटला आणि खांद्यावर घेतला. मग आमच्याकडे वळली.

“खाडी उघडली,” तांता बात्सेबा म्हणाली. “तळहाताहून लहान लोला ज्याच्या जाळीत दिसेल त्याला मी स्वतः बुडवीन. आता उभे काय राहिलात?”